लग्नघरची गाडी

आमच्या सासूबाईंनी जुनी फियाट घेतली, त्या दिवसापासून सहा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सातव्या दिवशी गॅस संपला आणि सिलिंडरचं पुस्तक कुठे ठेवलंय हे त्यांना विचारावंच लागलं, नाहीतर मी आणखी ताणून धरलं असतं.

राग यायला कारण होतं. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. दोन्ही हातांना संधिवात, बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी फुगलेली. सकाळचा चहा त्या कपाचा कान न धरता, दोन तळव्यांच्या मधे कप दाबून पितात. घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं मी आधीच सैल करून ठेवते. आणि घेतली काय, तर प्रीमियर पद्मिनी, जिला आमच्याकडे सगळे फियाटच म्हणतात. सन चौऱ्याण्णवची. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, काच खाली करायची तर हाताने दांडा फिरवायचा. माझा जन्म अठ्ठ्याऐंशीचा. म्हणजे गाडी माझी धाकटी बहीणच लागते.

"आई, ह्या हातांनी तुम्हाला चमचा धरवत नाही, स्टिअरिंग काय धरणार?" असं मी भर अंगणात बोलले. शेजारच्या दोन बायका ऐकत होत्या. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "चमचा बारीक असतो पोरी. बारीक धरवत न्हाय. जाडं धरवतं." मला तो निव्वळ हट्ट वाटला. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आई म्हणजे कमळ दिनानाथ म्हात्रे. उरणला बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागते, तिथून आत वळलं की आमचं गाव. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत आईंना कमळ म्हणून कोणी ओळखत नाही, धवलारीण म्हणून ओळखतात. आमच्या आगरी लग्नांत विधी गाण्यावर चालतात. त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि ते गात गात जी बाई विधी करवते ती धवलारीण. मांडवाला गाणं, हळद दळायला गाणं, तेल चढवायला गाणं. पोथी नाही, वही नाही. आईंच्या डोक्यात किती धवले आहेत याची त्यांनाही मोजदाद नाही. मी एकदा वही घेऊन बसले, तर म्हणाल्या, "असं बसल्या बसल्या न्हाय येत. समोर हलद पायजे."

या कामाचा एक मान असतो, आणि आमच्या गावात तो आईंच्या आत्येपासून चालत आला. धवलारीण आपण होऊन लग्नघरी जात नाही. लग्नघरचं माणूस नारळ आणि पानसुपारी घेऊन, वाहन घेऊन, दारात आलं पाहिजे. वाहन कसलंही चालतं. आत्येला बैलगाडी यायची, एकदा भरतीच्या वेळी खाडीतून होडी आली होती. आईंना टेम्पो आले, मिठाच्या गोण्या वाहणारा ट्रक आला, एकदा तर डंपर आला आणि त्या लुगडं सावरत त्याच्या केबिनमध्ये चढल्या. लाज वाटली नाही, कारण तो न्यायला आला होता. "आपल्या पायान गेली ती पावनी, न्यायला आले ती धवलारीन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि ज्यांच्या घरी धवलारीण आणायला वाहन नसेल, त्यांच्यासाठी माझे सासरे होते. बाबा, म्हणजे दिनानाथ, मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी फियाट. शनिवारी टॅक्सी घेऊन गावी यायचे.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तो प्रकार पाहिला. माझं माहेर अलिबागकडचं, तिकडे असलं काही नव्हतं. आई सकाळीच हिरवं लुगडं नेसून, मांडीवर तांदळाच्या पिठाचा डबा घेऊन ओटीवर बसल्या होत्या. बाबांनी टॅक्सी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि बायकोकडे ढुंकूनही न बघता रिकामी टॅक्सी घेऊन निघून गेले. मी धावत बाहेर आले. "आई, बाबा तुम्हाला विसरून गेले!"

"येल," आई म्हणाल्या.

वीस मिनिटांनी तळ्याच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजला. टॅक्सी दारात थांबली. पुढच्या सीटवर लग्नघरचे म्हातारे काका नारळ घेऊन बसले होते. आई जागच्या हलल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं, "कोनाची गारी?" त्यांच्या तोंडी गाडीची गारीच असते.

आणि माझे सासरे, ज्यांच्या घरातून ती टॅक्सी नुकतीच निघाली होती, ज्यांनी त्या बाईच्या हातचा चहा अर्ध्या तासापूर्वी घेतला होता, ते सुतकी चेहरा करून म्हणाले, "लग्नघरची. धवलारीन न्यायला आलोय."

तेव्हा आई उठल्या. मी हसून हसून पदर तोंडात कोंबला. नवऱ्याने बायकोला तिच्याच घरातून न्यायला यायचं, आणि त्यासाठी आधी दुसऱ्या गावी जाऊन परत यायचं! निकेतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणाला, "मी लहान होतो तेव्हापासून असंच आहे. तू हसू नको, आई चिडते." पंचवीस वर्षं ते दोघं हे करत होते.

रविवारी टॅक्सीचं बोनेट उघडायचं. आई पालथ्या बादलीवर बसायच्या, समोर पाने मांडून. बाबा वर न बघता फक्त हात पुढे करायचे, "दहा-अकरा," आणि पाना हातात पडायचा. "बारा-तेरा." पडायचा. "पलग." प्लगचा पाना. प्लग घासणं, पॉइंट साफ करणं, कार्बोरेटरची जेट काढून फुंकणं, सगळं अंगणात. बाबा म्हणायचे, ह्या गाडीच्या पोटात झाकून ठेवलेलं काही नाही, जे आहे ते समोर दिसतं. मिठाचा हंगाम नसला की मिठागराच्या बांधावर त्यांनी आईंना चालवायलाही शिकवली होती. लायसनसुद्धा काढून दिलं. "उभ्या गारीचं स्टिअरिंग जड, चालत्या गारीचं हलकं. आधी हलव, मग वलव," असं शिकवलं होतं, ते आई अजून सांगतात.

मग टॅक्सीचं वय झालं आणि ती भंगारात गेली. दोन वर्षांनी बाबा गेले. तोवर आईंच्या हातांनी त्रास द्यायला सुरुवात केली होती. चौदाव्या वर्षापासून मिठागरावर मीठ ओढलेलं, नंतर चाळीस वर्षं लग्नांची हळद. मांडवात तांदळाच्या पिठाने चौक भरायचा असतो, म्हणजे चिमटीतून पिठाची बारीक धार सोडायची. ती चिमूट मिटेना. एका लग्नात रेघ वाकडी गेली आणि कोणीतरी मोबाइलवर ते शूटिंग करत होतं. आईंनी घरी आल्यावर पिठाचा डबा माळ्यावर टाकला.

तरी त्या गेल्या असत्या. पण न्यायला येणारेही संपले. पोरं फोन करायची, "मावशी, लोकेशन टाकतो, रिक्षा करून या, भाडं आम्ही देऊ." वाईट नव्हती ती पोरं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि आईंनीही सांगितलं नाही, कारण मागून मिळतो तो मान कसला. त्या म्हणायच्या, "रिक्षा करून लोका भाजी आनायला जातात." आणि घरी बसायच्या. दोन वर्षं बसल्या.

एका दुपारी पलीकडच्या आळीत हळद होती. डीजेवाल्याने पेन ड्राइव्हवर धवला लावला. मी शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत होते. कुठेतरी ऐकल्यासारखा आवाज वाटला म्हणून मान वर केली, तर आई ओटीवर ताठ बसल्या होत्या. आवाज त्यांचाच होता. कुठल्याशा जुन्या लग्नात कोणी मोबाइलवर घेतला असावा.

"मी हतं बसलेय, न माजा गला तिकरं गेलाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गल्याला न्यायला गारी नाय लागली."

त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं. "निकेत, मना गारी पायजे. फियाट. कोन न्यायला नाय येत त मी माजी जाईन."

निकेत कंटेनर यार्डात नोकरी करतो, त्याला वाद घालायची सवय नाही. तो म्हणाला, "आई, घ्यायचीच तर ऑटोमॅटिक घेऊन देतो. गियर नाही, काही नाही, एका बोटावर चालते."

"न बिघरली म्हंजे? बोनेट उघरलं त आत झाकनावर झाकन. मी कुनाच्या तोंडाकरं बगू? मना जी समजते तीच पायजे."

मला वाटलं डॉक्टर तरी अडवतील. लायसन नवं करायला त्यांची सही हवी होती. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "आजी, एवढं जोराचं काम नको आता." आई म्हणाल्या, "डॉक्टर, चालीस वर्सं मीठ ओढलं, हलद दलली, भांडी घासली. तवा कोन बोललं न्हाय का जोराचं काम नको. आता पयल्यांदा बसून करायचं काम सापरलंय." डॉक्टर हसले. त्यांनी आईंना पकड करून दाखवायला सांगितली, ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबायला लावला, डोळे तपासले आणि शेवटी सही केली. मी त्या डॉक्टरांवरही चिडले.

गाडी मिळाली पालीला. अण्णा म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, बल्लाळेश्वराच्या देवळापासून जवळच राहतात. घरामागच्या पडवीत जुन्या पलंगपोसाखाली फियाट झाकून ठेवलेली. फिकट निळी, पुढे सलग बाकासारखी सीट, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. निकेत मित्राची गाडी उसनी आणून आम्हाला घेऊन गेला. मी मोडता घालायलाच गेले होते.

आईंनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकल्या, दरवाज्याखालच्या पत्र्यावरून आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं.

"अहो, अहो बाई! काय करताय?" अण्णा ओरडले.

"मीठ बगतेय. आमच्याकरच्या गाऱ्या खालून मिठान खाल्लेल्या असतात." त्या उभ्या राहिल्या. "ही आलनी हाय. चांगली हाय."

अण्णा बघतच राहिले. "बत्तीस वर्षं शाळेत काढली, पण गाडी चाखून घेणारं माणूस आज पाहिलं." मग त्यांनी आईंचे हात पाहिले आणि त्यांचा आवाज उतरला. "माझे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही, म्हणून विकतोय. तुमचे हात असे. ह्या गाडीच्या नशिबात धडधाकट माणूस नाही असं दिसतंय."

आई आत बसल्या. किल्ली लावली. आणि ती फिरेना. गाडीत काही दोष नव्हता. किल्लीचा पत्रा बारीक, चिमटीत धरून पिळायची, आणि नेमकी तीच चिमूट गेलेली. एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर शीर उठलेली मला दिसली. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं.

"अण्णा, पेचकस हाय का? बारका?"

अण्णांनी आणून दिला. आईंनी तो किल्लीच्या भोकातून आडवा घातला, एका टोकाला तळवा लावला आणि ढकलला. किल्ली फिरली. चोक ओढला होता तरी दोनदा खोकून इंजिन बंद पडलं, तिसऱ्यांदा लागलं. गियरचा दांडा त्यांनी मुठीत धरलाच नाही. मनगटाच्या वरचा तळव्याचा भाग त्याला लावून खाली ढकलला, मग हात पालथा करून वर घेतला. पडवीतून गाडी अंगणात आली. अण्णा टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गाडीकडे पाठ करून देवळाचा कळस बघत उभी राहिले, आणि येताना त्या उसन्या गाडीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत आले; फियाट अण्णांच्या ओळखीचा ड्रायव्हर मागून घेऊन आला.

मग ते सहा दिवस.

सातव्या दिवशी सिलिंडरचं पुस्तक काढून देताना आई म्हणाल्या, "बोललीस ना आता? मग पाना धर. पलग घासायचेत, माज्या हातान सुटत न्हाय." मी त्यांचं तोंड बघत राहिले. त्या पालथी बादली घेऊन बाहेर निघाल्यासुद्धा होत्या.

अशी मी त्या गाडीचा हात झाले. आई बादलीवर बसून नंबर सांगायच्या आणि मी वाकून काम करायचे. पान्याला लांब पाइप लावला की जोर कमी लागतो, हे मला त्यांनी शिकवलं. पॉइंटमध्ये कागद घालून साफ करायचं, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावायचं, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून किती सैल आहे ते बघायचं. एका रविवारी गाडी सुरूच होईना. मी म्हटलं, गॅरेजवाल्याला बोलावू. आई म्हणाल्या, "पेटरोल येतंय का बग. येतंय. ठिनगी येतेय का बग. न्हाय ना? मग तिकरं चल." अर्ध्या तासात गाडी सुरू झाली आणि मी अंगणात नाचले. सोमवारी शाळेत माझी काळी नखं बघून पोरांनी विचारलं, बाई, काय लावलंय? फियाट, म्हटलं.

स्टिअरिंगचं कडं बारीक होतं. आईंनी जुन्या लुगड्याचे पट्टे फाडून माझ्याकडून त्याच्यावर घट्ट गुंडाळून घेतले, तीन थर. त्यावर त्यांचा पंजा नीट बसला. निकेतने किल्लीला आडवी सळी वेल्ड करून दिली. मग आईंनी माळ्यावरचा पिठाचा डबा काढला. तेल ओतायचं नवंकोरं नरसाळं आणलेलं होतं, त्यात तांदळाचं पीठ भरलं, आणि नरसाळं दोन्ही तळव्यांत धरून अंगणात चौक काढला. रेघ सरळ आली. जाडं धरवतं, हे त्या मला पहिल्याच दिवशी सांगत होत्या. मी ऐकलं नव्हतं.

मिठागरं आता राहिली नाहीत म्हणा. मुरूम टाकून भरली, त्यावर यार्ड आले. एक बांध उरलाय, तळ्यापलीकडे. तिथे आई हात बसवायच्या आणि मलाही शिकवायच्या. दमल्या की गाडी थांबवून समोर बघायच्या. "हतं आमचा आगर व्हता. पांडरा सगला, डोलं दिपायचं," असं म्हणायच्या. समोर कंटेनरच्या भिंती असायच्या, लाल, निळ्या. घरी आल्यावर कोमट पाण्याच्या तपेलीत हात बुडवून बसायच्या. दुखायचं. दुखत नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. दिवाळीपर्यंत बाजारात जाऊन यायला लागल्या.

एप्रिलमध्ये फोन आला. शेजारच्या गावातल्या हेमालीचा. तिच्या मुलीची, जागृतीची, हळद होती. "मावशी, पोरगी म्हणते पेन ड्राइव्ह नको, धवलारीणच हवी. आणि आता काय, तुमची गाडीच आहे, तेव्हा वेळेवर या हं!"

"येते," आई म्हणाल्या. फोन ठेवून आठ दिवस त्या गुणगुणत होत्या.

हळदीच्या सकाळी हिरवं लुगडं, केसांत अबोली, सीटवर डबा आणि नरसाळं. मी गाडी पुसून दिली होती. आईंनी सळीची किल्ली फिरवली, एका झटक्यात इंजिन लागलं. मी दारात हात हलवायला उभी होते. गाडी काही हलली नाही. पाच मिनिटं तशीच धडधडत उभी. मग बंद झाली. आई उतरल्या आणि घरात गेल्या.

मी मागे धावले. "हात दुखतोय का?"

"न्हाय."

"गाडीचं काही?"

"गारी चांगली हाय."

"मग?"

त्या ओटीवर टेकल्या. "प्रणाली, मना न्यायला कोन आलाय?"

वर्षभर आम्ही प्लग घासले, किल्लीला सळी लावली, स्टिअरिंगला लुगडं गुंडाळलं, डॉक्टरांची सही मिळवली, आणि ही एक गोष्ट घरात कोणाच्याच डोक्यात आली नाही, त्यांच्याही नाही. गाडी नव्हती तोवर निदान न्यायला येण्याची आशा तरी होती. आता दारात गाडी म्हटल्यावर कोण कशाला येईल? ज्यासाठी गाडी घेतली तेच गाडीने बुडवलं होतं.

"माजी मीच जाईन बोललेली," आई म्हणाल्या. "बोलायला सोपा हाय. पन मांडवात मी गारीतून एकटी उतरले, त मी कोन? पावनी." त्यांनी केसांतली अबोली काढायला हात वर केला, आणि तीही बोटांना सुटेना. ते मात्र मला बघवलं नाही.

किल्ली गाडीलाच होती. मी जाऊन बसले.

"कुठं चाललीस गं?" ओटीवरून आवाज आला. मी गाडी सुरू केली.

बांधावर चालवणं वेगळं आणि बंदराच्या रस्त्यावर वेगळं. दोन ट्रेलरच्या मधे माझी गाडी बंद पडली. मागच्याने असा हॉर्न दिला की मी घामाने भिजले. स्टिअरिंग हलेना. आधी हलव, मग वळव, असं मोठ्याने म्हणत गाडी पुढे घेतली. शेजारच्या गावात मांडवापुढे पोचले तेव्हा डीजे जोरात चालू होता. हेमाली धावत आली आणि रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "मावशी कुठायत?"

"घरी आहेत. त्यांना न्यायला कोणी आलं नाही."

"अगं, पण तुमची तर गाडी…"

तिच्यामागे खुर्चीवर तिचे सासरे, हिरामणकाका बसले होते. ऐंशीच्या पुढचे. त्यांना मला काही सांगावं लागलं नाही. रिकामी फियाट दारात बघूनच ते काठी टेकत उठले. "दिनानाथ असाच यायचा," ते म्हणाले. "माज्या पोराच्या लग्नाला मीच बसून गेलेलो त्याच्या बाजूला. आमी येरं झालो, येरं." वेडे झालो असं पुटपुटत त्यांनी स्वतः देवघरातून नारळ आणला, पानसुपारी घेतली, आणि नातवाने धरलेला हात झटकून पुढच्या सीटवर चढून बसले.

येताना गाडी एकदाही बंद पडली नाही. तळ्याच्या वळणावर मी दोनदा हॉर्न वाजवला.

आई ओटीवरच होत्या. अबोली अर्धवट सुटून कानावर लोंबत होती. हॉर्न ऐकून त्या ताठ झाल्या होत्या, हे मला अंगणात वळतानाच दिसलं. मी गाडी दारात उभी केली. हिरामणकाकांच्या मांडीवरचा नारळ त्यांनी पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. कानावर लोंबणारी अबोली मनगटाने मागे सारली.

"कोनाची गारी?" त्यांनी विचारलं.

बाबांसारखा सुतकी चेहरा करायचा मी पुरेपूर प्रयत्न केला. "लग्नघरची," मी म्हटलं. "धवलारीण न्यायला आलेय."

आई उठल्या. काकांच्या हातून नारळ घेतला, दोन्ही तळव्यांत धरून कपाळाला लावला. मी मागचं दार उघडायला उतरणार, तर त्या माझ्याच बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"सरक."

"आई, तुम्ही मागे बसा ना, मानानं."

"न्यायला आलीस, मान झाला. आता तुज्या हातान ट्रेलरखाली जायची मना हौस न्हाय. सरक."

मी सरकले. बाकासारख्या त्या सीटवर मी मधे, काका खिडकीशी. आईंनी लुगडं गुंडाळलेल्या स्टिअरिंगवर दोन्ही पंजे ठेवले, तळव्याने गियर ढकलला. गाडी आधी हलली, मग वळली. तळ्याच्या वळणावर त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. पुढे रस्त्यावर कोणीच नव्हतं.